थिनर प्यायलेलं मूल, मिठाचं पाणी आणि घरातल्या बाकीच्या बाटल्या

धनकवडीहून एका आईने विचारलं आहे. दिवाळीआधी त्यांच्या घरी रंगकाम चालू होतं. पेंटरने थिनर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतून बाल्कनीत ठेवलं होतं. पावणेदोन वर्षांच्या मुलाने ती बाटली तोंडाला लावली आणि त्याला जोराचा ठसका लागला. सासूबाईंनी मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी काढली आणि वरून चमचाभर तूप चाटवलं. रात्री मुलाला धाप लागली, न्यूमोनिया निघाला, पाच दिवस दवाखान्यात काढावे लागले. आता तो घरी आहे, खेळतोय. त्यांचे प्रश्न तीन: आमचं काय चुकलं? पुन्हा असं काही झालं तर पहिल्यांदा काय करायचं? आणि रंगात शिसं असतं म्हणतात, तर त्याचं रक्त तपासून घ्यावं का?

ताई, मी पुण्यात २८ वर्षं मुलांची डॉक्टर म्हणून काम करते आहे, त्यातली बरीच अतिदक्षता विभागात गेली. तुमचा मुलगा घरी परतला हे वाचून आधी बरं वाटलं, मग लिहायला बसले.

थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल, पेट्रोल ही सगळी एका घराण्यातली. पाण्यासारखी पातळ आणि घसरडी. एवढासा घोट पोटात गेला तर पोटाला फारसं काही होत नाही. धोका असतो तो श्वासनलिकेत गेलेल्या थेंबांचा. फुफ्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून एक पातळ अस्तर असतं, त्याच्यामुळे ते फुगे मिटत नाहीत. थिनर ते अस्तर धुऊन काढतं आणि चमच्यापेक्षाही कमी थिनर बऱ्याच मोठ्या भागावर पसरतं. तुमच्या मुलाला पिताना ठसका लागला, म्हणजे थोडं तेव्हाच श्वासनलिकेत उतरलं असणार. उलटी काढल्यावर पोटातलं उरलेलं पुन्हा घशापर्यंत आलं आणि त्याला दुसऱ्यांदा वाट मिळाली. न्यूमोनिया नुसत्या पहिल्या ठसक्यानेही झाला असता, हे मी तुम्हाला धीर द्यायला सांगत नाही, वस्तुस्थिती तशी आहे. पण उलटीमुळे धोका वाढला, हेही खरं.

सासूबाईंना मात्र बोल लावू नका. त्यांच्या पिढीने हेच पाहिलं, हेच शिकलं. फार लांब कशाला, मी शिकत होते तेव्हा आमच्याही पुस्तकांत उलटी करवणारं इपेकॅक नावाचं औषध होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ मध्ये ते घरात ठेवूच नका असं जाहीर केलं, कारण त्याने मुलं वाचतात असं दिसलं नाही. डॉक्टरांनाच उमजायला इतकी वर्षं लागली, तिथे आजीला दोष कसा द्यायचा?

मिठाच्या पाण्याबद्दल मात्र हात जोडून सांगते. लहान मुलाला दोन-तीन मोठे चमचे मीठ कालवून पाजलं आणि उलटी झालीच नाही, तर सगळं मीठ रक्तात उतरतं. सोडियम इतकं वाढतं की झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ज्या विषाने मूल दगावलं नसतं, ते त्याच्यावरच्या या उपायाने दगावू शकतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मुलाच्या तोंडात जे असेल ते बोटाने बाहेर काढा, ओल्या फडक्याने तोंड आतून पुसा, चूळ भरता येत असेल तर भरायला लावा. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून त्वचा धुवा. डोळ्यात उडालं असेल तर नळाच्या बारीक धारेखाली १५ ते २० मिनिटं डोळा धूत राहा, मूल कितीही रडलं तरी. दूध, तूप, लिंबू, अंड्याचा बलक, कोळशाची पूड यातलं काही देऊ नका. तुपा-दुधाने विष मरतं हा आपल्याकडचा पक्का समज आहे, पण कापूर, डांबरगोळ्या आणि उंदराच्या पेस्टमधला फॉस्फरस ही तर स्निग्ध पदार्थाबरोबर जास्तच शोषली जातात. टॉयलेट क्लीनरसारखं अ‍ॅसिड पोटात गेलं असेल तर उलटीने अन्ननलिका येताना पुन्हा एकदा भाजते. आणि त्यावर खायचा सोडा दिला तर आत वायू आणि उष्णता तयार होते, ती वेगळीच.

मूल गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत असेल तर स्वतःच्या गाडीने निघा, रिक्षा मिळाली तर रिक्षाने, फक्त घरी बसून वाट पाहू नका. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७ हा त्यांचा टोल-फ्री नंबर, चोवीस तास चालू असतो. हा नंबर आत्ताच फोनमध्ये ‘विष’ या नावाने साठवून ठेवा, ऐन वेळी शोधत बसायला लागू नये.

आणि बाटली सोबत आणा. जी असेल ती, लेबलासकट. गोळ्या असतील तर रिकामी पट्टीही आणा, म्हणजे किती उरल्यात आणि किती गेल्या ते मोजता येतं. पालक धावतपळत येतात, आम्ही विचारतो काय प्यायला, ते म्हणतात ‘फिनेल’. फिनेल म्हणून आपल्याकडे निदान चार वेगवेगळी द्रव्यं विकली जातात. दारावर येणारा विक्रेता कॅनमधून ओतून देतो ते दुधासारखं पांढरं, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत. त्यात काय आहे हे त्यालाही सांगता येत नाही, मग उपचार अंदाजाने सुरू होतात.

माझ्या मते पुण्यातल्या घरांमध्ये मुलांना सगळ्यात जास्त धोका कशाचा असेल तर या रिकाम्या पाण्याच्या बाटलीचा. आपण काही टाकून देत नाही, ही चांगलीच सवय. पण दोन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, ते आकारावरून वस्तू ओळखतं. निळ्या झाकणाची पारदर्शक बाटली म्हणजे पाणी, हे त्याला आपणच रोज शिकवत असतो. त्यात थिनर ओतलं, अ‍ॅसिड ओतलं, की आपण शिकवलेलंच त्याच्यावर उलटतं. आणि असं घडतं ते नेहमीच्या दिवशी नाही. रंगकाम, दिवाळीची साफसफाई, घर बदलणं, लग्नघर, पाहुणे आलेले असणं, अशा विस्कटलेल्या दिवसांत. वस्तू जागेवर नसतात आणि मूल कुणाच्या तरी नजरेत आहे असं प्रत्येकाला वाटत असतं.

पाहुण्यांवरून आठवलं. आजी-आजोबा गावाहून येतात, त्यांची गोळ्यांची पिशवी पलंगावर किंवा खुंटीला. त्यात मधुमेहाची ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असते. आजोबांना रोज लागणारी ती एक गोळी दोन वर्षांच्या नातवाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते, तीही काही तास उशिराने. म्हणून अशा मुलाला आम्ही २४ तास सोडत नाही. बाळंतिणीच्या लोहाच्या लाल गोळ्यांचंही तसंच, दिसतात अगदी गोड गोळीसारख्या. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. १० किलोच्या मुलाने तीन-चार खाल्ल्या तर पोटदुखी, उलट्या सुरू होतात, दहाच्या आसपास गेल्या तर जिवावर बेततं. मधल्या काही तासांत मूल सुधारल्यासारखं दिसतं आणि पालक निर्धास्त होतात.

वरून बरं दिसण्याच्या या फसवणुकीत सगळ्यात वाईट म्हणजे उंदराची पेस्ट. ट्यूबमध्ये मिळते, त्यात पिवळा फॉस्फरस असतो. लोक ती पावाला, टोमॅटोला, भज्याला लावून ओट्याखाली ठेवतात, म्हणजे विष आणखी एकदा खाण्याच्या रूपात. काही वर्षांपूर्वी चार वर्षांची एक मुलगी आली. ओट्याखालच्या पावाचा एकच घास खाल्ला होता. पहिल्या दिवशी दोन उलट्या झाल्या, दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात सलाइन लावलेल्या हाताने बाहुलीला भरवत बसली होती. वडील हातावर पोट असलेले. ते मला म्हणाले, ‘मॅडम, पोरगी खेळतीये, आता सोडा आम्हाला.’ खाडा पडत होता, त्यांचं म्हणणं मला कळत होतं, तरी मी सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी नेऊन तिच्या पापण्या वर केल्या तर डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या बोटासारखा पिवळा झाला होता. रक्त गोठायला वेळ लागत होता. यकृत निकामी व्हायला लागलं होतं. या विषावर उतारा नाही, यकृताला आधार देत राहायचं आणि वाट पाहायची. ती वाचली, तीन आठवड्यांनी घरी गेली. पण दुसऱ्या दिवशी वडील तिला घेऊन गेले असते तर काय झालं असतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. उंदरांसाठी पिंजरा वापरा. चिकटपट्टी वापरा. ही पेस्ट मूल असलेल्या घरात आणूच नका, कितीही उंचावर ठेवणार असलात तरी.

बटणासारख्या चपट्या बॅटरीबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण ती बाटलीत नसते आणि तिला कुणी विष समजत नाही. रिमोट, वजनकाटा, दिव्यांच्या माळा, गाणारी खेळणी यांत असते. रुपयाच्या नाण्याएवढी लिथियम बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. मूल बोलत नाही, फक्त लाळ गाळतं, खायला नको म्हणतं, आणि घसा आलाय म्हणून औषध चालू राहतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच एक्स-रे काढा. मूल एक वर्षाच्या वर असेल, नीट गिळत असेल आणि बॅटरी गिळून १२ तास झाले नसतील, तर दवाखान्यात जाताना दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने भाजण्याचा वेग कमी होतो. वर ‘काही देऊ नका’ म्हटलं त्याला हा एवढा एकच अपवाद. मधासाठी थांबू मात्र नका. घरात नसेल तर तसेच निघा.

देवघरातला कापूर लहान मुलाच्या हाताला लागू देऊ नका. वडी खडीसाखरेसारखी दिसते आणि थोडक्या कापरानेही काही मिनिटांत झटके येतात. सर्दीला कापूर घातलेलं खोबरेल तेल बाळाच्या छातीला चोळतात, तेही नको. धान्यातल्या पारद गोळ्यांत पारा असतो, त्यांच्याऐवजी ऊन द्या, कडुनिंबाचा पाला घाला. सेल्फॉसच्या गोळ्या तर घरात येताच कामा नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू शेजारच्या खोलीत झोपलेल्यालाही मारतो. शाळेच्या, अंगणवाडीच्या कुंपणाला चंद्रज्योत किंवा बिट्टी लावलेली असेल तर ती काढायला लावा. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं घोळक्याने खातात आणि एका वेळी वीस-पंचवीस जण उलट्या करत येतात. बिट्टीच्या बिया हृदयाचे ठोके बिघडवतात.

आता शिसं. थिनर प्यायल्याने मुलाच्या अंगात शिसं जात नाही. नव्या रंगाचीही फार धास्ती घेऊ नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. धोका जुन्या रंगात आहे. तुमची इमारत तीसेक वर्षांची आहे असं तुम्ही लिहिलंय. दारं-खिडक्या आणि गजांवर ऑइलपेंटचे थरावर थर असणार, आणि पेंटर नवा हात मारण्याआधी ते कोरडेच पॉलिश पेपरने घासतो. ती बारीक धूळ फरशीवर बसते, मूल फरशीवर रांगतं, हात तोंडात जातो. पेठांतल्या वाड्यांमध्ये तर पन्नास-साठ वर्षांचे थर असतात. मोठ्यांच्या मानाने मुलाचं आतडं चार-पाच पट जास्त शिसं शोषून घेतं, आणि अंगात लोह कमी असेल तर आणखी. लक्षण काही दिसत नाही. मूल फक्त थोडं चिडचिडं होतं, अभ्यासात मागे पडतं, आणि कारण कुणालाच कळत नाही. युनिसेफने २०२० मध्ये मांडलेला अंदाज असा की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या १०० मिलिलिटर रक्तात शिसं ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे.

म्हणून हो, तुमच्या मुलाचं रक्त तपासा, पण कारण घासकामाची धूळ. शिरेतून घेतलेलं रक्त लागतं, बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळून आकडा फुगू शकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधा. अमेरिकेत हा आकडा ३.५ आहे. सुरक्षित अशी पातळी सापडलेली नाही. औषधाने शिसं उतरवायची वेळ साधारण ४५ च्या वर येते. त्याखाली उपचार एकच, येण्याची वाट बंद करणं. म्हणजे ओल्या फडक्याने फरशी पुसायची, झाडू मारायचा नाही. जेवणाआधी मुलाचे हात साबणाने धुवायचे. नाचणी, अळीव, राजगिरा, खजूर असं लोह-कॅल्शियमचं पोटात जाऊ द्यायचं.

आकडा वाढलेला आला आणि धूळ हे कारण वाटत नसेल तर घरात आणखी तीन गोष्टी बघा. एक काजळ-सुरमा. दुसरी हळद: रंग उठून दिसावा म्हणून हळकुंडांना लेड क्रोमेटचा पिवळा हात देण्याचा प्रकार उघड झालेला आहे, त्यामुळे हळकुंडं आणून स्वतः दळली म्हणजे निर्धास्त झालो असं नाही. जी हळकुंडं बोटाला पिवळी भुकटी लावतात आणि मोडल्यावर आतल्यापेक्षा बाहेरून जास्त भडक दिसतात, ती घेऊ नका. तिसरी गोष्ट सांगताना मला जपून बोलावं लागतं. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. मारुतीला शनिवारी जाऊन नमस्कार जरूर करा, मीही करते, पण तो शेंदूर बाळाच्या कपाळाला लावू नका, आणि मूर्तीला हात लागला असेल तर हात धुऊन मगच प्रसाद भरवा. याशिवाय वडील बॅटरीच्या, ओतकामाच्या किंवा भंगाराच्या धंद्यात असतील तर त्यांनी कामाचे कपडे-चपला दाराबाहेर उतरवून, हातपाय धुऊन मगच मुलाला उचलायचं.

बाटली मूळचीच, लेबलही जागेवर, तरी आत भलतंच, असंही होतं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातल्या डायएथिलिन ग्लायकॉल नावाच्या विषारी द्रावकाने वीसहून जास्त मुलं गेली, त्यातली बरीच शेवटच्या उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणलेली होती. याच द्रव्याने भेसळ झालेल्या ग्लिसरीनने १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा जीव घेतला होता. औषधांची तपासणी ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती आपण मागत राहिली पाहिजे. घरी आपण करू शकतो ते इतकंच: दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं सिरप द्यायचंच नाही, पाचपर्यंतही सहसा नाही, केंद्र सरकारची सूचनाही तशीच आहे. कुठलंही औषध चालू असताना मुलाची लघवी कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सोसायटीच्या सभेत हा विषय काढणार आहात, हे मला फार आवडलं. तिथे दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. जिन्याच्या सफाईचं अ‍ॅसिड-फिनेल मूळ कॅनमध्येच, कुलपात राहील आणि ब्लीचिंग पावडर व अ‍ॅसिड कधीच एकत्र ओतलं जाणार नाही, कारण दोन्ही मिळाली की क्लोरीन वायू सुटतो. आणि ज्यांचा गॅस गिझर बाथरूमच्या आत आहे त्यांनी या थंडीच्या आत तो बाहेर हलवावा. बंद बाथरूममध्ये तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आत गेलेला माणूस हाका मारायच्या आधीच कोसळतो.

तुमच्या मुलाचा खोकला दोन आठवड्यांत पूर्ण थांबायला हवा. थांबला नाही, ताप उलटला, किंवा खेळताना लवकर दमायला लागला तर छातीचा एक्स-रे पुन्हा काढून घ्या. बहुतेक मुलांची फुफ्फुसं यातून पूर्ण सावरतात. पेंटर पुढच्या आठवड्यात गजांचं राहिलेलं काम करायला येणार आहे म्हणता, तर ते दोन दिवस मुलाला तुमच्या आईकडे कोथरूडला ठेवा. पेंटरला गज ओले करून घासायला सांगा, आणि थिनर त्याच्या पत्र्याच्या डब्यातच राहू दे. संध्याकाळी तो निघाला की डबा त्याच्याबरोबर गेला का, एवढं एकदा बाल्कनीत जाऊन बघा.